सोलापूरच्या रेल्वे लाइन्स भागातला १९६४चा बंगला आणि आमच्या आर्किटेक्ट मॅडमचं काम

मे २०२३ मध्ये आर्किटेक्ट मॅडम पहिल्यांदा घर बघायला आल्या, त्या दुपारी दोन वाजता. मी फोनवर म्हटलं होतं, "अहो, सोलापूरचं ऊन आहे, संध्याकाळी या." त्या म्हणाल्या, "काकू, घर सगळ्यात जास्त त्रास देतं तेव्हाच बघायचंय." आल्या, चपला काढल्या, अनवाणी गच्चीवर गेल्या आणि दहा सेकंदांत खाली आल्या. मग स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. जाताना विचारलं, "तुमच्याकडे पाणी कधी येतं?" मी सांगितलं, चार-पाच दिवसांनी, परवा येईल. परवा पहाटे नळाला पाणी यायच्या वेळी त्या परत हजर. कुठला व्हॉल्व्ह कोण उघडतं, हौद कुठून भरतो, पाइप कुठून कुठं ओढला जातो, सगळं वहीत काढून घेतलं. त्या दिवसापर्यंत आमच्यात पैशाबद्दल एक शब्दही झाला नव्हता.

जुना बैठा बंगला असलेल्यांना हे वाचून काही ठरवता यावं म्हणून सविस्तर लिहिते. मी एकतीस वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवला, त्यामुळे मातीचा आणि पाण्याचा भाग जरा लांबला तर सांभाळून घ्या. माझ्या दृष्टीने खरं काम तिथंच झालंय.

बंगला माझ्या सासऱ्यांनी बांधला. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये वीव्हिंग खात्यात होते. प्लॉट सत्तर बाय शंभर फूट, घर अठ्ठेचाळीस बाय बत्तीस. सगळं एका मजल्यावर, तोंड पूर्वेला, पुढं व्हरांडा, मधून चार फुटी बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मागं पश्चिमेला स्वयंपाकघर आणि कोठी. भिंती दीड विटेच्या, वर आरसीसी स्लॅब. खाली मोझॅकच्या फरश्या, दारं-खिडक्या सागवानी. हाडापेरानं घर मजबूत. पण बोळात भर दुपारी दिवा लावावा लागायचा, मागच्या अंगणात जायला न्हाणीघराच्या शेजारचं एकच अरुंद दार होतं, आणि मे महिन्यात स्वयंपाकघरात उभं राहणं ही शिक्षा होती. माझ्या सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत. त्यांची खोली एका टोकाला, संडास-बाथरूम दुसऱ्या टोकाला.

"पाडा आणि स्कीमला द्या" असं सांगणारे बिल्डर वर्षातून दोन-तीनदा येतातच. आमच्या ह्यांनी प्रत्येकाला चहा पाजून परत पाठवलं.

मॅडमकडे जाण्याआधी आम्ही एकदा हात पोळून घेतले होते. २०१९ मध्ये अंगणाचं काम एका लँडस्केपिंगवाल्यांना दिलं. त्यांच्या कॅटलॉगमध्ये परदेशी बंगल्यांचे फोटो होते. लांबच लांब बैठं घर, पुढं गालिच्यासारखं हिरवं लॉन. आमचं घरही बैठं आणि लांबट, त्यामुळे फोटो बघून मीच भुलले. त्यांनी पूर्वेला नऊशे चौरस फूट लॉन केलं, ते थेट जोत्याला भिडवलं आणि वर फवारे बसवले. कंपाउंडच्या कडेने कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडांची रांग लावली. मागं सगळीकडे सिमेंटवर पेव्हर ब्लॉक. सासऱ्यांनी लावलेला कडुनिंबसुद्धा "पानं पडतात" म्हणून काढायचं त्यांच्या मनात होतं. महापालिकेची परवानगी लागते म्हटल्यावर "ते बघून घेतो" म्हणाले. तेवढं मात्र मी होऊ दिलं नाही.

पहिले आठ महिने लॉन सुंदर दिसलं. मग उन्हाळा आला. मी बादलीने मोजून हिशेब केला: दिवसाला साडेचारशे ते पाचशे लिटर पाणी ते गवत पीत होतं, आणि तेसुद्धा जिथं पिण्याचं पाणी चार-पाच दिवसांनी यायचं त्या गावात. बोअरचं पाणी खारट, त्याने गवत पिवळं पडलं, मग टँकर सुरू झाले. दुसऱ्या वर्षी हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघाली. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात तिच्यात एक रुपयाचं नाणं उभं शिरायचं, आणि पावसाळ्यात ती मिटायची. कोनोकार्पसच्या मुळ्या ड्रेनेजच्या पाइपात घुसल्या. गुजरातने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदीच घातली, तेव्हा मला कुणाकडून समजावून घ्यायची गरज उरली नव्हती. पेव्हरला उतार उलटा पडलेला होता. सप्टेंबरच्या पावसात मागचं पाणी न्हाणीघराच्या उंबऱ्याला लागायचं.

आता मॅडमनी काय केलं ते सांगते.

त्यांनी कामाची सुरुवात खड्ड्याने केली. अंगणात दोन ठिकाणी खड्डे खणायला लावले, त्यातला एक साडेचार फूट खोल. वर अडीच फूट काळी माती, खाली पिवळसर मुरूम. पहिल्या खड्ड्यात मॅडमनी काळ्या मातीचाच तळ राखून पाण्याची बादली ओतली. पाणी बघता बघता गडप. आमचे हे म्हणाले, "वा, छान मुरतंय की." मॅडम म्हणाल्या, "काका, ते मुरलं नाही, भेगांत पडलं. अजून एक ओता." दुसरी बादली हळूहळू गेली. तिसरी ओतल्यावर माती फुगून बसली, भेगा बुजल्या, आणि ते पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच उभं होतं, त्यावर कडुनिंबाची पानं तरंगत होती. शेजारच्या खड्ड्यात मुरमापर्यंत खणलं होतं. तिथली बादली वीस मिनिटांत रिकामी झाली. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. माझ्याच घराची भिंत त्या धड्यावर उभी आहे हे त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिल्यावर मला कळलं. जोत्याला लागून लॉन, रोजचे फवारे, मग टँकर बंद पडला की कोरड. माती श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती आणि पाया तिच्याबरोबर हलत होता.

भेगेवर त्यांनी काचेची एक बारीक पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख घातली. भेग हलली तर काच तडकते. मेमध्ये लावलेली पट्टी ऑगस्टमध्ये तडकली. दुसरी लावली. दरम्यान लॉनचं पाणी बंद करायला सांगितलं. "काम दसऱ्यानंतर सुरू करू, तोवर भिंत काय म्हणते ते ऐकू," असं त्या म्हणाल्या. पाच महिने काम न करता थांबणारा माणूस मी या धंद्यात पहिल्यांदा बघितला.

नकाशावर बसलो तेव्हा मी तो जुना कॅटलॉग काढून दाखवला. मॅडमनी तो बाजूला टाकला नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर अशी लांबट, बैठी, कमी उंचीच्या छपराची घरं शहराबाहेरच्या वसाहतींत भराभर उठली, त्यांना रँच हाऊस म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. तीही घरं आता साठ-सत्तर वर्षांची झाली आहेत आणि तिथले लोकही आपल्यासारखेच बंदिस्त स्वयंपाकघरं आणि अंधारे पॅसेज यांच्याशी झगडतायत. "त्या घरांतून घेण्यासारखी गोष्ट लॉन नाही, काकू. मागची खोली सरळ अंगणात उघडते, ती घ्यायची." अमेरिकेतसुद्धा जिथं पाणी कमी तिथं लॉन काढतायत, लास वेगासमध्ये तर ऑफिसांपुढचं, रस्त्याकडेचं निव्वळ शोभेचं गवत काढायला २०२१ मध्ये कायदाच झाला, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

घरात त्यांनी फार कमी तोडलं, आणि हे मला सगळ्यात आवडलं. स्वयंपाकघर आणि कोठीमधली भिंत आठ फूट उघडली. ती भिंत स्लॅबचा भार घेणारी, म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन बघितलं, मग चौदा लोखंडी टेकू लावले, वर दोन आय-गर्डर शेजारी-शेजारी बसवले, आणि गर्डरवरचं काँक्रीट पक्कं होईपर्यंत टेकू हलवू दिले नाहीत. मिस्त्री मूळचे अक्कलकोटकडचे. मला अक्का आणि सासूबाईंना अव्वा म्हणायचे. टेकू काढायच्या दिवशी त्यांनी सासूबाईंना खुर्ची टाकून अंगणात बसवलं आणि म्हणाले, "अव्वा, तुम्ही हितं बसा, मी आत उभारतो." आणि खरोखर गर्डरखाली स्वतः उभे राहून एकेक टेकू सैल केला.

दुसरं म्हणजे बोळाच्या टोकाची भिंत काढून तिथं जाळीचं दार दिलं. आता सकाळी पुढच्या दारातून आलेला उजेड मागच्या अंगणापर्यंत जातो आणि संध्याकाळी वारा उलट्या वाटेने येतो. तिसरं, सासूबाईंच्या खोलीला लागून असलेल्या सामानाच्या खोलीचं बाथरूम केलं, बिनउंबऱ्याचं, दाराची रुंदी चाकाची खुर्ची जाईल एवढी. सासूबाई म्हणाल्या, "मला खुर्ची लागली नाही अजून." मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्हाला नाही, मला लागेल म्हातारपणी, तेव्हा बघायला येईन." त्यावर त्या गप्प बसल्या.

ओट्याची उंची ठरवताना मॅडमनी टेप घेऊन माझं आणि सासूबाईंचं कोपर जमिनीपासून मोजलं. आमच्या घरी कडक भाकरी अजून घरी होते आणि ती थापताना खांद्यातून जोर लागतो, म्हणून भाकरीचा ओटा बाकीच्या ओट्यापेक्षा चार इंच खाली घेतला. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. एका सकाळी त्या सासूबाईंना भाकरी थापताना बघत बसल्या होत्या, त्यातून त्यांनी काढलं.

मोझॅक बदलायचं दोन कंत्राटदारांनी सुचवलं होतं. मॅडमनी मशीनने घासून पॉलिश करून घेतलं. खालून हिरवे आणि तांबडे दाणे असे वर आले की ह्यांना लहानपणी या फरशीवर गोट्या खेळलेल्या आठवल्या. गच्चीवर जुना कोबा दुरुस्त करून वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक केला. यंदाच्या मे महिन्याची मी वाट बघत नाही, पण गेल्या दोन उन्हाळ्यांत स्वयंपाकघरात दुपारी उभं राहता आलं हे खरं.

त्याला गच्चीइतकीच पडवी कारण आहे. स्वयंपाकघर मागं उघडायचं म्हणजे पश्चिमेचं ऊन आत घ्यायचं, ही माझी भीती होती. मॅडमनी दाराबाहेर आठ फूट खोल पडवी दिली, वर मंगलोरी कौलं, आणि दक्षिणेकडे तो कडुनिंब. तीन वाजता ऊन पडवीच्या कडेशी थांबतं, आत येत नाही. खाली शहाबादी फरशी, तीही सिमेंटवर न बसवता मुरूम आणि वाळूवर, फटी मोकळ्या ठेवून. पाणी पडलं की फटींतून खाली जातं.

अंगणाचं काम असं झालं. घराभोवती तीन फूट रुंद पट्ट्यातली काळी माती तीन फूट खोल काढून टाकली, मुरूम भरून धुमसला, वर घरापासून बाहेर उताराची फरशी. त्या पट्ट्यात एकही रोप नाही, कुंडीसुद्धा नाही. गच्चीचं पाणी पन्हळीतून फिल्टरमधून बारा हजार लिटरच्या नव्या हौदात येतं. पहिला पाऊस सोडून द्यायचा, मग कॉक फिरवायचा. आमची गच्ची साधारण एकशेचाळीस चौरस मीटर, त्यामुळे एक इंच पाऊस झाला की गळती-फुटती जाऊन अठ्ठावीसशे लिटरच्या आसपास पाणी मिळतं. आपला भाग पर्जन्यछायेचा, पाऊस येतो तो मोजक्या दिवसांत दणकून येतो, म्हणून हौद भरला की जास्तीचं पाणी मुरमापर्यंत खणलेल्या शोषखड्ड्यात जातं. तो घरापासून पंधरा फूट लांब आहे.

कोनोकार्पस गेले. त्या जागी कण्हेर, तगर, बोगनवेल. पुढं पारिजातक आणि बेल, सासूबाईंच्या सोमवारासाठी. मागं दोन डाळिंबं आणि एक सीताफळ. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे, आपल्याच मातीत, आपल्याच उन्हात हे झाड वाढतं, आणि लोक मात्र पाम लावतात, याचं मला नेहमी वाईट वाटत आलंय. सगळ्याला ठिबक: चौतीस ड्रिपर, ताशी चार लिटरचे, उन्हाळ्यात दिवसाआड पाऊण तास. म्हणजे एका वेळी एकशेदोन लिटर. लॉनच्या एका दिवसाच्या पाण्यात आमची बाग आता आठ-नऊ दिवस निघते. मागच्या मार्चमध्ये डाळिंबाला पहिली लालभडक फुलं आली तेव्हा मॅडमना फोटो पाठवला.

खरी परीक्षा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. सीना नदीला महापूर आला ते दिवस. आमच्या गल्लीत घोट्याच्या वर पाणी होतं. मी रात्री बॅटरी घेऊन दोनदा मागं गेले. शोषखड्डा तुडुंब भरला होता, अंगणात कडेला डबकं होतं, पण घराभोवतीचा पट्टा कोरडा आणि पडवीच्या फटींतून पाणी खाली जाताना दिसत होतं. न्हाणीघराचा उंबरा कोरडा. भिंतीवरची काचेची पट्टी, तिसरी, जून २०२४ मध्ये लावलेली, आजही शाबूत आहे. भेग बुजवून रंग दिलाय, पट्टी मात्र मी काढू दिली नाही.

आता तक्रारी, कारण त्या आहेत.

वाढीव कामांचा हिशेब वेळेवर मिळाला नाही. घराचा अंदाज अठरा लाखांचा होता, शेवट साडेएकवीसवर झाला. त्यातली वाढ बहुतेक आमच्याच मागण्यांची, हे मान्य. पण इलेक्ट्रिकची जादा कामं एक लाख चाळीस हजारांची झाली, हे मला काम संपल्यावर एका कागदावर कळलं. मी मॅडमना स्पष्ट सांगितलं की हे बरोबर नाही. निवृत्त माणसांचं घर आहे, प्रत्येक दहा हजार आधी कळायला हवेत. त्यांनी माफी मागितली आणि त्या रकमेवरची स्वतःची फी सोडली. पैसे वाचले, पण त्या आठवड्यात माझी झोप गेली ती गेलीच.

पाच महिन्यांचं काम आठ महिने चाललं. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत कामगार आठ दिवस येणार नाहीत हे सोलापुरात कुणालाही माहीत असतं. ते वेळापत्रकात आधीच धरायला हवं होतं. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याने दोन खिडक्या तीन इंचांनी कमी मापाच्या आणल्या. त्या परत जाऊन यायला सहा आठवडे लागले, आणि तेवढे दिवस आम्ही त्या भोकांना चादरी बांधून झोपलो.

नव्या बाथरूममध्ये एका कोपऱ्यात पाणी साचायचं. मिस्त्रींनी येऊन चार टाइल्स काढून उतार दुरुस्त केला, पैसे घेतले नाहीत. ठिबकाच्या तोंडांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार धरतात, दर दोन महिन्यांनी काढून साफ करावे लागतात. हे आधी कुणी सांगितलं नाही. म्हणून मी आता ठिबकाला शक्यतो हौदाचंच पाणी देते, बोअरचं फक्त एप्रिल-मेमध्ये.

आणि सासूबाईंचं दगडी उखळ. शेंगाचटणी त्यातच कुटायची असा त्यांचा आग्रह, म्हणून मॅडमनी ते पडवीच्या फरशीत बसवून दिलं. कल्पना सुरेख, जागा चुकली. दारातून बाहेर पडलं की बरोबर पायाखाली येतं. आमचे हे रात्री दोनदा ठेचकाळले. फरशी सिमेंटवर नसल्याने चार फरश्या उचलून ते कोपऱ्यात सरकवता येईल असं मिस्त्री म्हणालेत. रविवारी येणार आहेत.

ज्यांना यांच्याकडे जायचंय त्यांच्यासाठी: त्या एका वेळी दोनच घरं घेतात, त्यामुळे थांबावं लागेल. आता पहिल्या भेटीचे वेगळे पैसे घेतात आणि ते मला योग्य वाटतं. घराचा जुना नकाशा असला तर शोधून ठेवा. आमचा १९६४चा निळा नकाशा सासूबाईंच्या ट्रंकेत चादरीच्या घडीत सापडला आणि गर्डर कुठं टेकवायचा हे त्यावरूनच ठरलं. वाढीव प्रत्येक कामाची रक्कम काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून मागा. आणि त्यांनी अंगणात खड्डा खणायला सांगितलं तर फरशी खराब होईल म्हणून नाही म्हणू नका.